नेव्हीत जायचंय? गावाकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस, दारव्हा, आर्णीकडची पोरं आणि त्यांचे मायबाप ग्राउंडवर, टपरीवर, लग्नाच्या पंगतीत जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मी नौदलात इंजिन विभागात होतो आणि पूर्ण मुदत करून पेन्शनवर घरी आलो. माझी नोकरी वेगळी होती, तुम्हाला मिळणारी वेगळी आहे, हे आधीच ध्यानात घ्या. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, तेव्हापासून खलाशांची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते. तेव्हा गावातल्या जुन्या नेव्हीवाल्याचं स्लॅबचं घर पाहून फॉर्म भरू नका. खालचे आकडे अलीकडच्या जाहिरातींतले आहेत. दर भरतीला नवी जाहिरात निघते, ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

आपल्याकडं समुद्र त सोडा, उन्हाळ्यात नदीलेही पाणी नसते. आपल्या पोट्ट्याईले नेव्ही जमते काय?

जमते. पहिल्या खवळलेल्या समुद्रात मालवणचा पोरगा आणि वणीचा पोरगा सारखेच बादली धरून बसतात. आपल्या पोरांना एक गोष्ट फुकटात मिळालेली असते, ती म्हणजे हिंदी. तमिळनाडू किंवा केरळच्या खेड्यातून आलेल्या पोराला पहिले महिने हुकूम कळायलाच वेळ लागतो. आपलं पोरगं पहिल्याच दिवशी सगळ्यांशी बोलायला लागतं. (आपली हिंदी ऐकून दिल्लीकडची पोरं हसतात. हसू द्या.)

त्रास होतो तो दमट हवेचा. चंद्रपूरचं ऊन सोसलेला माणूस म्हणतो, गरमीचं मला काय सांगता? पण ते कोरडं ऊन. किनाऱ्यावर घाम वाळतच नाही. घामोळं, जांघेतलं गजकर्ण हे नव्या पोरांचे नेहमीचे दुखणे. लाजून लपवू नका, पहिल्या आठवड्यातच दवाखान्यात दाखवा.

पोहता येत नाही. चालतं का?

भरतीच्या वेळी चालतं. पोहण्याची परीक्षा भरतीत नसते. ट्रेनिंगमध्ये मात्र शिकावंच लागतं आणि चाचणी पास करावी लागते. विहिरीत भोपळा बांधून शिकलेली पोरं तिथे बाकीच्यांच्या पुढे असतात. तुम्हाला शिकायचं असेल तर जाणत्या माणसासोबतच उतरा, भरतीच्या घाईत एकट्याने तलावात उडी मारू नका.

नेव्ही आणि मर्चंट नेव्ही एकच ना?

नाही. आणि याच गोंधळावर बऱ्याच जणांची दुकानं चालतात. भारतीय नौदल हे सैन्य आहे, संरक्षण मंत्रालयाखाली. मर्चंट नेव्ही म्हणजे माल वाहणारी खाजगी किंवा सरकारी कंपन्यांची व्यापारी जहाजं. तिथे कंपनीशी करार असतो, पगार कंपनी देते, पेन्शन नाही. ती नोकरी वाईट नाही. पण तिथे घेऊन जातो म्हणून गावात येणाऱ्या एजंटला एकच विचारा: तुमच्याकडे डीजी शिपिंगचा (केंद्र सरकारचं जहाज वाहतुकीचं खातं) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरती करायचा परवाना आहे का? परवान्याचा नंबर घेऊन डीजी शिपिंगच्या यादीत स्वतः तपासा. नंबर सांगायला टाळाटाळ करणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

एसएसआर भरू का एमआर?

बारावीला गणित आणि फिजिक्स असेल आणि ५० टक्के असतील तर एसएसआर (सीनियर सेकंडरी रिक्रूट). इंजिनिअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा झालेल्यालाही एसएसआर भरता येतं. एमआर (मॅट्रिक रिक्रूट) दहावीवर आहे, तिथेही ५० टक्के लागतात.

इथे स्पष्ट बोलतो, कारण फॉर्म भरून देणारे सायबर कॅफेवाले हे सांगत नाहीत. एमआर म्हणजे शेफ, स्टुअर्ड किंवा हायजिनिस्ट. शेफ शेकडो माणसांचा स्वयंपाक करतो. स्टुअर्ड अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये वाढतो, मेस सांभाळतो. हायजिनिस्ट साफसफाई पाहतो. यातलं कोणतंच काम हलकं नाही. आग लागली तर शेफही होसपाईप घेऊन धावतो. पण बंदूक घेऊन डेकवर उभा असल्याचं चित्र डोक्यात ठेवून एमआरमध्ये गेलेला पोरगा पहिल्या वर्षात खचतो. काम कळल्यावरही जायचं असेल तर बिनधास्त जा.

एसएसआरमध्ये इंजिन, इलेक्ट्रिकल, कम्युनिकेशन, गनरी (तोफा), विमान विभाग, पाणबुडी असे वेगवेगळे ट्रेड मिळतात. गुण, गरज आणि तुमची पसंती बघून वाटप होतं. नेमका हवा तोच ट्रेड मिळेल, असं कुणी सांगत असेल तर तो थापा मारतो आहे.

परीक्षा आणि ग्राउंड कसं असतं?

आधी संगणकावर परीक्षा. एसएसआरला इंग्रजी, विज्ञान, गणित आणि सामान्य ज्ञान मिळून १०० प्रश्न, वेळ ६० मिनिटं. चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात. पेपर हिंदी आणि इंग्रजीत, मराठीत नाही. मराठी माध्यमाच्या पोरांनी विज्ञानातले शब्द निदान हिंदीतून तरी घोटून घ्यावेत. 'घनत्व' म्हणजे आपली घनता हे माहीत नसल्यामुळे येणारं उत्तर सुटतं.

ग्राउंडमध्ये मुलांना १.६ किलोमीटर ६ मिनिटं ३० सेकंदांत, मुलींना ८ मिनिटांत. मुलांना २० उठाबशा, १५ पुशअप, १५ सिटअप; मुलींना १५ उठाबशा, १० पुशअप आणि १० सिटअप. उंची दोघांनाही किमान १५७ सेंटिमीटर. हे ग्राउंड फक्त पास व्हायचं असतं, जोरात धावल्याचे जास्तीचे गुण नाहीत. तरी आपल्याकडे पहाटे पाचला डांबरी रोडवर पन्नास पोरं धावतात आणि संध्याकाळी गणिताच्या वहीला एकही हात लावत नाही. मेरिट ठरतं ते पेपरवर. हे मी दर हिवाळ्यात ओरडून सांगतो.

मेडिकलमध्ये आपली पोरं कुठं अडकतात?

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी. हे उत्तर पहिलं. तोंड नीट उघडत नाही, दात किडलेले, हिरड्या गेलेल्या. दातांची तपासणी कडक असते आणि दातांचे गुण मोजतात, किमान १४ लागतात. बारावीपासून घोटलेला खर्रा भरतीच्या आधी पंधरा दिवस सोडून भागत नाही. आजच सोडा. जहाजावर तसाही मिळणार नाही.

दुसरं, सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात तो किती घरांत आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. दोन वर्षं तयारी केल्यावर मेडिकलच्या दिवशी कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

तिसरं, गोंदण. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतं. छातीवर, मानेवर, दंडावर जत्रेत काढलेला टॅटू अडचणीचा. आदिवासी घरातल्या पोरांनी परंपरेच्या गोंदणाबद्दल जाहिरातीत काय लिहिलं आहे ते वाचावं. याशिवाय रंग ओळखणं, कानातला मळ, हायड्रोसील, पायाच्या फुगलेल्या शिरा. यातलं बरंचसं आधी उपचार करून सुटतं.

चिल्कात काय होतं?

आयएनएस चिल्का हे ओडिशात, चिलिका सरोवराच्या काठावर आहे. सुरुवातीचं ट्रेनिंग तिथे, सुमारे चार महिने. परेड, पीटी, पोहणं, बंदूक, दोरखंडाच्या गाठी, वर्ग, आणि या सगळ्याच्या मधल्या प्रत्येक मिनिटाला पळणं. चूक एकाची आणि रगडा सगळ्यांना, हे रोजचं. पहिले पंधरा दिवस रात्री पांघरुणात तोंड घालून रडणारी पोरं प्रत्येक तुकडीत असतात. त्यातली बहुतेक महिन्याभरात टणक होतात. पाय सोलतात, वजन उतरतं, मग भूक अशी लागते की दोडक्याची भाजीही गोड लागते.

मायबापांना विनंती आहे. पोराचा फोन आला, "मले घरी ने" म्हणाला, तर लगेच गाडीत बसू नका. पुढच्या रविवारच्या फोनची वाट पाहा.

त्यानंतर ट्रेडचं शिक्षण. इंजिनवाले लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत, इलेक्ट्रिकलवाले जामनगरला आयएनएस वलसुरात, गनरीवाले कोचीला आयएनएस द्रोणाचार्यमध्ये, शेफ आणि स्टुअर्ड मुंबईत मालाडच्या आयएनएस हमलात. ('आयएनएस' लागलं म्हणजे जहाजच असं नाही. नौदलाचे जमिनीवरचे तळही याच नावाने ओळखले जातात. माझी आजी शेवटपर्यंत समजायची की लोणावळ्याच्या घाटात मोठी बोट उभी आहे.)

जहाजावर रोजचा दिवस कसा असतो?

हा प्रश्न पोरं सगळ्यात शेवटी विचारतात. माझ्या मते तो सगळ्यात आधी विचारायला हवा.

समुद्रात गेल्यावर दिवस-रात्र हा भेद मोडतो. ड्युटी चार-चार तासांच्या वॉचमध्ये चालते. रात्री १२ ते पहाटे ४ म्हणजे मिडल वॉच, पहाटे ४ ते ८ मॉर्निंग वॉच, असं पुढे. संध्याकाळच्या ४ ते ८ चे मात्र दोन-दोन तासांचे दोन तुकडे करतात, त्यांना डॉग वॉच म्हणतात. तसं केलं नाही तर एकाच माणसाच्या नशिबी रोज मिडल वॉच येईल. वॉच संपला म्हणजे सुट्टी असंही नाही. सफाई आहे, देखभाल आहे, आग विझवण्याची आणि पाणी घुसलं तर काय करायचं याची ड्रिल आहे. झोप तुकड्यातुकड्याने मिळते. तीन तास सलग मिळाले तर माणूस खूश.

झोपायला बंक असतो, बहुधा एकावर एक तीन. सामानाला एक लॉकर. तुमच्या घरच्या खाटेवर जेवढी ऐसपैस जागा आहे, तेवढी जागा जहाजावर कुणा एकट्याची नसते. शेजारचा घोरतो, वरचा मध्यरात्री वॉचला उतरताना तुमच्या हातावर पाय देतो, पंख्याचा आणि यंत्रांचा आवाज कधी थांबत नाही. इंजिन रूममध्ये तर कानात बोळे घालूनच जायचं. इशाऱ्यांनी बोलायची अशी सवय लागते की सुट्टीत घरीही मी बायकोला हातवारे करून पाणी मागायचो.

पाणी जपून. समुद्राचं खारं पाणी यंत्राने गोडं करून वापरतात, पण यंत्राची क्षमता ठरलेली असते. लहान जहाजावर आंघोळीच्या वेळा बांधलेल्या असतात. टँकरच्या रांगेत वाढलेल्या यवतमाळच्या पोराला याचं काही वाटत नाही, शहरातल्या पोरांची मात्र तारांबळ उडते.

आणि घासणं. खारी हवा लोखंड खाते, म्हणून जहाजावर गंज काढणं आणि रंग देणं कधी संपत नाही. ब्रास चमकवणं, डेक धुणं, संडास साफ करणं, सगळं आपणच. घरी ताटही न उचलणाऱ्या पोराची आई हे ऐकून खूश होते.

वर्षभर समुद्रातच असतात असं नाही. बराच काळ जहाज बंदरात बांधलेलं असतं. तेव्हा दिवसभर काम, संध्याकाळी पाळीप्रमाणे लिबर्टी, म्हणजे बाहेर जायची सुट्टी. ज्याची ड्युटी त्याने रात्री जहाजावरच थांबायचं. मुख्य तळ मुंबई, विशाखापट्टणम, कोची, कारवार आणि अंदमान. विशाखापट्टणम मिळालं तर आपल्याला सोयीचं, नागपूर-गोंदियावरून समता एक्सप्रेस थेट जाते.

समुद्र लागतो म्हणतात, ते खरं का?

खरं. डोळ्याला समोरची भिंत स्थिर दिसते आणि कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं की आपण हलतो आहोत. त्या भांडणात पोट मरतं. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते. काहींना दर वेळी नव्याने त्रास होतो, अगदी जुन्या चीफ (वरिष्ठ खलाशी) लोकांनाही. पावसाळ्यात अरबी समुद्र सगळ्यात खवळलेला असतो आणि लहान जहाज मोठ्यापेक्षा जास्त डोलतं. उपाशी राहू नका, कोरडी चपाती किंवा बिस्किटं खा, जमलं तर मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहा. उलटी करत करतच वॉच करावा लागतो. रजा मिळत नाही.

खायला काय मिळतं?

पोटभर मिळतं. भात, वरण, चपाती, भाजी, अंडी, चिकन, मासे, शाकाहारीला वेगळं. ज्वारीची भाकर आणि झणझणीत तर्री विसरा. लांबच्या सफरीत आधी पालेभाजी संपते, मग टोमॅटो, शेवटी बटाटा-कांदा आणि डबाबंद माल उरतो. घरून येताना मिरचीचा ठेचा आणणारा विदर्भातला खलाशी मेसमध्ये फार लोकप्रिय होतो.

फोन चालतो का?

समुद्रात नेटवर्क नसतं. घरी बोलणं दिवसेंदिवस होत नाही, आणि जहाज कुठे आहे हे घरच्यांना सांगायचंही नसतं. डिसेंबर २०१९ मध्ये हेरगिरीच्या प्रकरणात खलाशांना अटक झाली. समाजमाध्यमांवर ओळख करून त्यांना अडकवलं होतं. त्यानंतर नौदलाने तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन व फेसबुकवर बंदी आणली. वर्दीतली रील टाकून गावात भाव खायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. अनोळखी मुलीची गोड फ्रेंड रिक्वेस्ट खलाशाला येते, तेव्हा तिला तुमच्या दिसण्यात रस नसतो.

माझ्या अनुभवात पोरं मोडतात ती इथे. धावण्यात, रगड्यात नाही. घरी आजा वारला आणि तुम्हाला ते बंदरात आल्यावर कळतं. हे सहन होईल का, हे आपलं आपल्यालाच विचारायचं असतं.

जिवाला धोका किती?

सैन्य आहे, धोका आहेच. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच गेले. शांततेच्या काळात मोठी भीती आगीची. जहाजाला आग लागली तर पळायला जागा नाही, म्हणूनच ती ड्रिल पुन्हा पुन्हा करून घेतात.

मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने सोमालियाच्या चाच्यांकडून 'रुएन' हे जहाज सोडवलं. कारवाई सुमारे ४० तास चालली, ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले. टीव्हीवर कमांडो दिसले. त्या ४० तासांत खाली इंजिनावर, रडारवर, भटारखान्यात वॉच करणारेही होतेच. तुम्ही बहुधा त्यांच्यातले एक असाल.

पगार हातात किती पडतो?

पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेला, त्यातले ९,००० सेवा निधीत जातात, हातात २१,०००. दुसऱ्या वर्षी ३३,००० पैकी २३,१००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० पैकी २५,५५०, चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,०००. भत्ते नेमणुकीप्रमाणे वेगळे. राहणं, खाणं, वर्दी सरकारची. सेवा निधीत जेवढे तुमचे कापतात तेवढेच सरकार घालतं. चार वर्षांनी दोन्ही मिळून १०.०४ लाख आणि वरून व्याज, त्यावर आयकर नाही. सेवेदरम्यान ४८ लाखांचं विमा संरक्षण. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. रजा वर्षाला ३० दिवस.

चार वर्षांनी काय?

प्रत्येक तुकडीतले २५ टक्क्यांपर्यंत पुढे नियमित सेवेत घेतात. बाकीचे घरी. म्हणजे चारातले तीन परत येणार, हे गृहीत धरूनच जा. निमलष्करी दलांत आणि तटरक्षक दलात माजी अग्निवीरांना जून २०२२ मध्ये १० टक्के आरक्षण जाहीर झालं, पण तिथेही परीक्षा द्यावीच लागते. दहावीवर गेलेल्याला मुक्त विद्यालयाकडून बारावीच्या बरोबरीचं प्रमाणपत्र मिळायची सोय आहे. इग्नूची पदवीही करता येते, त्यात निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे. ही पदवी मधल्या वर्षांत पूर्ण केली नाही, तर बाहेर आल्यावर हातात दहा-बारा लाख आणि बारावी एवढंच राहतं. आपल्याकडे तेवढ्यात एक बुलेट, एक बोअर आणि बहिणीचं लग्न होतं आणि दोन वर्षांत खातं रिकामं होतं. बोअरलाही पाणी लागेलच असं नाही.

इंजिन किंवा इलेक्ट्रिकल ट्रेडच्या पोराला बाहेर विचारणा जास्त असते, असं मला दिसतं.

साक्षगंध करून ठेवलं त चालते काय?

लग्न चालत नाही. भरतीच्या वेळी अविवाहित हवा आणि चारही वर्षं अविवाहितच राहावं लागतं, नियमित सेवेसाठी निवड व्हायची असेल तर तेही याच अटीवर. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, कागदावर येत नाही हे खरं. पण मुलीकडच्यांना चार वर्षं थांबवणार का, हे दोन्ही घरांनी बसून ठरवा. चोरून लग्न केलेलं निघालं तर नोकरी जाते.

मुलींना घेतात का?

हो. नौदलात महिला खलाशी पहिल्यांदा अग्निवीर म्हणूनच आल्या. मार्च २०२३ मध्ये चिल्कातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत त्या होत्या. राहण्याची व्यवस्था वेगळी, ट्रेनिंग मात्र तेच. गावातली मुलगी पहाटे रोडवर धावायला निघाली की चावडीवर काय बोलणी होतात, ते मला माहीत आहे. बापाने आठ दिवस सोबत सायकल काढली की ती बोलणी बंद होतात.

एक जण पैसे देऊन लावून देतो म्हणतो. दोन एकर विकायची तयारी आहे.

विकू नका. फॉर्मची फी साडेपाचशे रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढाच खर्च. संगणकावरच्या पेपरात, मेडिकल बोर्डावर कुणाची 'सेटिंग' नसते. दलालाचं गणित सोपं असतं: वीस पोरांकडून पैसे घ्यायचे, त्यातली तीन-चार आपल्या मेहनतीने लागतात, त्यांचे ठेवायचे, बाकीच्यांचे वर्षभर फिरवून अर्धे परत करायचे. मूळ मार्कशीट आणि कोरा चेक कुणालाही देऊ नका. ज्याने दिला असेल त्याने आजच पोलिसात जावं.

ऑफिसर होता येतं का?

येतं, आणि याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित असलेल्या पोराने एसएसआरसोबत एनडीएचा (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) फॉर्म भरलाच पाहिजे. यूपीएससी वर्षातून दोनदा ही परीक्षा घेतं, प्रशिक्षण खडकवासल्याला. २०२२ पासून मुलीही तिथे प्रशिक्षण घेतात. दहावीनंतर तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, मुलींसाठी नाशिकला. जेईई मेन दिलेल्यांसाठी केरळातल्या एझिमालाच्या नौदल अकादमीत बी.टेक.चा मार्ग वेगळा आहे. यातलं काहीच नागपूर-पुण्याच्या पोरांसाठी राखीव नाही.

बाप एकटा आहे. मी गेलो त वावर कोण पाहील?

पेरणीला, कापूस वेचणीला, पोळ्याला तुम्ही नसाल. रजा जहाजाच्या कार्यक्रमाप्रमाणे मिळते, पावसाप्रमाणे नाही. वावर ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर कसायला) द्यायचं की मजूर लावायचे, हे जाण्याआधी घरात ठरवा. २१,००० मधले घरी किती पाठवायचे हेही तेव्हाच ठरवा, नाहीतर दर महिन्याला फोनवर तेच भांडण.

मन लागलं नाही तर मध्येच सोडता येतं का?

सहसा नाही. अपवादात्मक कारणावरच परवानगी मिळते आणि मग सेवा निधीतला फक्त स्वतःचा वाटा व्याजासह मिळतो, सरकारचा नाही. पळून येणं हा गुन्हा आहे.

कागद कोणते तयार ठेवू?

दहावी-बारावीच्या मार्कशीट, डोमिसाईल, आधार, चारित्र्याचा दाखला, फोटो. आधारावर आणि दहावीच्या मार्कशीटवर नाव, बापाचं नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे. एकावर 'ज्ञानेश्वर' आणि दुसऱ्यावर 'ज्ञानेश्वरराव' असेल तर आत्ताच सेतू केंद्रात जाऊन दुरुस्त करा. भरतीची जाहिरात निघाल्यावर तिथे रांग लागते आणि सर्व्हर बसतो.